केक ओव्हनमध्ये, पलटण ओट्याखाली

मांजरीला गोड कळतच नाही. साखर द्या, गूळ द्या, मध द्या, तिच्या जिभेला त्याचा पत्ता नसतो. गोडाची जाणीव करून देणारा एक जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे. वाघ आणि चित्ताही त्याला अपवाद नाहीत. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून दिलं. मग आमची चिमी केकचं भांडं चाटायला सगळ्यांच्या आधी कशी हजर होते? लोण्यासाठी! तिला ओढ असते ती स्निग्धाची.

आमच्या घरात दोन मांजरी, एक गावठी कुत्रा, एक ससा, बजी पक्ष्यांची जोडी आणि टाकीभर गोल्डफिश असा गोतावळा आहे. त्यात ओव्हन रविवारी हमखास तापतो. अशा घरात एक गोष्ट लवकर पटते : ओट्यावरचा पदार्थ एकच असला, तरी प्रत्येक पोटात तो वेगळं काहीतरी घडवतो. ही पोटं ओळखण्यात केक खाण्याइतकीच मजा आहे.

कुत्र्याला पोळी का पचते?

लांडगा मांसावर जगतो. त्याच्याच वंशातला आपला मोत्या मात्र पोळीचा तुकडा आनंदाने खातो आणि पचवतोही. पिठूळ अन्न पचवायला लागणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडतात, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. माणूस शेती करू लागला, त्याच्या उरल्यासुरल्यावर कुत्रा जगू लागला आणि त्याचं पोट बदलत गेलं. दारच्या कुत्र्याला पिढ्यान्‌पिढ्या भाकरी घालणाऱ्या आपल्या घरांना हे अनुभवाने ठाऊकच होतं. अर्थात नुसत्या पोळीवर कुत्र्याचं भागत नाही. त्याला अंडं, मांस किंवा मासळी हवीच.

चवीच्या बाबतीत मात्र माणूस श्रीमंत. आपल्या जिभेवर सुमारे ९००० रुचिकलिका, कुत्र्याच्या सुमारे १७००, मांजरीच्या जेमतेम ४७०. कुत्रा चव घेतो ती मुख्यतः नाकाने. म्हणूनच नानकटाईचा ट्रे बाहेर यायच्या बराच आधी मोत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेला असतो.

गलबतावरचं बिस्कीट कुत्र्याच्या ताटलीत

कुत्र्यांच्या बिस्किटांचा धंदा सुरू केला तो विजेपासून बचाव करणाऱ्या सळया विकणाऱ्या माणसाने. जेम्स स्प्रॅट हे त्याचं नाव, मूळचा अमेरिकेचा. लंडनच्या गोदीजवळ खलाशांनी टाकलेली दगडासारखी टणक बिस्किटं कुत्रे आवडीने खाताना त्याने पाहिले, असं सांगतात. १८६० च्या सुमाराला त्याने गहू, भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांसाठी खास बिस्किटं काढली. पुढे त्याच्याच कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा तरुण विक्रीच्या कामाला लागला. त्याने १८९१ मध्ये भरवलेलं श्वानप्रदर्शन म्हणजे आजचं जगप्रसिद्ध ‘क्रफ्ट्स’.

ही बिस्किटं घरी करणं अगदी सोपं आहे. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, वाटीभर उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडं. मीठ नाही, साखर नाही, बेकिंग पावडरही नाही. भोपळ्याचा ओलावा बहुतेक पुरतो, म्हणून पाण्याला हात लावायची घाई करू नका. घट्ट गोळा मळून पुरीपेक्षा जाड लाटा, शंकरपाळ्यांसारखं कापा आणि १७० अंशांवर अर्धा तास भाजा. खरी युक्ती पुढे आहे. ओव्हन बंद केला तरी ट्रे लगेच बाहेर काढायचा नाही. उरलेल्या उष्णतेत आतला ओलावा निघून जातो आणि बिस्कीट कडक होतं. मोडताना ‘कटकन्’ आवाज आला की जमलं. मऊ राहिलेलं बिस्कीट पावसाळ्यात बघता बघता बुरशी धरतं. आणि हो, ही बिस्किटं माणसांनाही चालतात. आमच्याकडे ती चहाबरोबर गेलेली आहेत.

मळणं, फुगणं आणि थोडी भीती

मांजर मांडीवर बसून पुढचे पंजे आळीपाळीने दाबते तेव्हा ती जणू कणीकच मळत असते. पिल्लू असताना आईचं दूध उतरावं म्हणून ती असंच करायची. मोठेपणी ती सवय सुखाची खूण म्हणून उरते. मांजरीला ऊबही आपल्यापेक्षा जास्त लागते. ३० ते ३८ अंश ही तिच्या आरामाची हवा. म्हणजे आपल्याला घामाच्या धारा लागल्या की तिचं छान चाललेलं असतं. त्यामुळे ओव्हनचा कोमट माथा, पीठ फुगत ठेवलेलं भांडं, नुकतं इस्त्री केलेलं कापड या तिच्या ठरलेल्या जागा. ओव्हनचं बटण दाबण्यापूर्वी दार उघडून आत नजर टाकायची, हा आमच्या घरचा पहिला नियम आहे.

दुसरा नियम यीस्टच्या पिठाचा. पावासाठी भिजवलेला कच्चा गोळा कुत्र्याने खाल्ला, तर तो पोटात फुगतच राहतो. कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश, यीस्टला याहून सोयीची जागा कोणती? पोट ताणलं जातं, शिवाय यीस्ट मद्यार्क तयार करतं आणि तो रक्तात उतरतो. कुत्रा झोकांड्या खाऊ लागतो आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून पीठ फुगत ठेवायचं ते बंद कपाटात. भांड्यावर ताट आणि ताटावर वरवंटा ठेवला, तरी आमचा मोत्या तो पाडू शकतो.

चॉकलेटचं तर बहुतेकांना माहीत असतं, पण कारण क्वचित ठाऊक असतं. कोकोतला थिओब्रोमिन हा घटक आपलं शरीर काही तासांत बाहेर टाकतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याचं प्रमाण नुसतं निम्म्यावर यायला सतरा-अठरा तास लागू शकतात. तोवर उलट्या, अस्वस्थपणा, धडधड आणि जास्त खाल्लं असेल तर झटके. रंग जितका गडद तितका धोका मोठा. कोको पावडर सगळ्यांत वाईट, पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन जवळजवळ नाहीच. फ्रूट केकमधल्या मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, ते आधी सांगता येत नाही, म्हणून एकही द्यायचा नाही. ‘शुगर फ्री’ पदार्थांत आणि काही पीनट बटरमध्ये असणारं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं. डब्यावरचं बारीक अक्षर वाचाच.

पिंजऱ्याकडे आणि टाकीकडे

पक्षी असलेल्या घरात नॉनस्टिक भांडं रिकामं तापत ठेवू नये. ते अति तापलं की निघणारी वाफ आपल्याला फारशी जाणवत नाही, पण पक्षी मिनिटांत दगावू शकतो. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. त्याला प्राणवायू भरपूर मिळतो, तसा विषारी वायूही. ब्रिटिश कोळसाखाणींत कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी, आणि ती प्रथा थेट १९८६ पर्यंत चालू होती. आमची बजी जोडी स्वयंपाकघरापासून सगळ्यांत लांबच्या खोलीत राहते आणि केकसाठी आम्ही साधे ॲल्युमिनियमचे डबे वापरतो.

बजी चालतो, पण आपला हिरवा पोपट? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेल्या कासवाचंही तेच.

सशाचं नवल वेगळंच. त्याला मागचंही दिसतं, वरचंही दिसतं, पण नाकासमोरचा गाजराचा तुकडा दिसत नाही! तिथे त्याच्या नजरेचा आंधळा कोपरा असतो. ओठ आणि मिशांनी चाचपून तो घास घेतो. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून पाव-बिस्किटाचा चुरा त्याच्यापासून दूर. भरपूर गवत हाच त्याचा मेवा. गोल्डफिशला तर जठरच नसतं. पावाचा तुकडा टाकून मुलं खूश होतात, मासा मात्र फुगतो आणि पाणी घाण होतं.

एवढं आजच करा

जवळच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. प्राण्याने नको ते खाल्लंच, तर लक्षणांची वाट पाहत बसू नका आणि मनाने मिठाचं पाणी पाजू नका. काय खाल्लं, किती, कधी आणि प्राण्याचं वजन किती, एवढं फोनवर सांगा आणि वेष्टन बरोबर घेऊन निघा.