पायात न घालायचा स्केट

स्केट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चाकांचे बूट! पण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर स्केट म्हणजे मासा. आपल्या कोकणातल्या पाकटाचा लांबचा भाऊबंद, चपटा आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा. अंगाच्या दोन्ही बाजूंचे रुंद पंख हलवत तो समुद्राच्या तळाशी फिरतो. त्यातला सगळ्यात थोराड म्हणजे फ्लॅपर स्केट. लांबी दोन मीटरहून जास्त, वजन 100 किलोपर्यंत!

बुटाचं आणि माशाचं नाव एकच, पण नातं काडीचंही नाही. बुटाचा शब्द डच भाषेतला. माशाचा आला जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्काता’वरून. नॉर्स म्हणजे व्हायकिंग दर्यावर्दींची बोली. ही मंडळी नॉर्वेहून जहाजं घेऊन ब्रिटनच्या उत्तरेला आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. तिथली ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं तर नॉर्वेच्याच ताब्यात होती; ती 1468-69 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने लेकीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण ठेवली. हुंड्यात बेटं? हसू नका, आपली मुंबईही पोर्तुगिजांनी इंग्रजांना अशीच आंदण दिली होती! आइसलंडमध्ये या माशाला आजही स्काताच म्हणतात.

इंग्रजीत फ्लॅपर स्केटला बरीच वर्षं ‘कॉमन स्केट’ म्हणत, म्हणजे नेहमी सापडणारा. जाळ्यांनी तो इतका उपसला, की आता तो नामशेष व्हायच्या बेताला आलाय. त्यात 2010च्या सुमारास शास्त्रज्ञांना कळलं, की एकाच नावाखाली दोन निराळ्या जाती मोजल्या जात होत्या : फ्लॅपर स्केट आणि ब्लू स्केट. घ्या!

मासे पुन्हा भराभर का वाढत नाहीत? कारण फ्लॅपर स्केटच्या एका अंड्यातून पिल्लू बाहेर यायला सुमारे दीड वर्ष लागतं. तोवर ते अंडं तळाच्या दगडगोट्यांत निवांत पडून राहायला हवं. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाजवळच्या लाँगे बेटापाशी अशी अंडी सापडली, तेव्हा 2021 मध्ये सरकारने तो समुद्र तातडीने संरक्षित केला.

अंड्याचं कवच चामड्यासारखं चिवट असतं. चार कोपऱ्यांना शिंगं आणि वरून तपकिरी धाग्यांचं आवरण. रिकामं कवच लाटांबरोबर किनाऱ्यावर येतं. तिथली मुलं त्याला जलपरीचा बटवा म्हणतात आणि ‘शार्क ट्रस्ट’ या संस्थेला कळवतात. वाळलेला बटवा आक्रसलेला असतो, म्हणून आधी तो पाण्यात भिजत घालायचा. फुगला की पट्टी लावायची. चांगला वीतभर भरला, तर तो फ्लॅपर स्केटचा!