जुलाब, जलसंजीवनी आणि हैदराबादच्या एका डॉक्टरबाई



२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. तंबाखूची रोपे लावण्याची घाई चालली होती. निपाणीजवळच्या एका खेड्यात ओळखीच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा दीड वर्षाचे मूल आजीच्या मांडीवर मलूल पडले होते. दोन दिवस पाण्यासारखे जुलाब चालू होते. शेजारी पाटावर रंगीत पेयाचा खोका, त्यात नळी खुपसलेली. आई म्हणाली, "डॉक्टरांनी ओआरएस द्या म्हणून सांगितलं, तेच आणलंय की. दुकानदारानं हेच दिलं बघा. दोन खोकी झाली, पण जुलाब काही थांबंना."

आम्ही खोका हातात घेऊन पाहिला. पुढच्या बाजूस ओआरएस ही अक्षरे ठळक होती. मागच्या बाजूस मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ओआरएस हे नव्हे. त्या माउलीला इंग्रजी वाचता येत नव्हते. तिने डॉक्टरांचा शब्द पाळला होता आणि पैसेही मोजले होते. मुलाच्या पोटात मात्र साखरेचे पाणी गेले होते.

मूल त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेले आणि बरे झाले. पण ही चूक त्या आईची एकटीची नव्हे. असाच प्रकार देशात ठिकठिकाणी घडत होता, आणि एक डॉक्टरबाई त्याविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत होत्या. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

सीमेवर जन्मास आलेले औषध

त्याआधी खरी जलसंजीवनी कोठून आली ते पाहू. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ठराविक प्रमाणात मिसळून पाकिटे तयार करविली. ते पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनीच रुग्णांना वाट्यावाट्याने पाजावे असे सांगितले. पूर्वी शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत, ते प्रमाण तीन-चारवर आले.

हे पाणी कसे बनवावे याची पत्रके सीमेवर वाटण्यात आली, व एका गुप्त बांगला रेडिओ केंद्रावरूनही ती कृती सांगण्यात आली. त्या काळी रेडिओ हेच घरोघर पोहोचणारे साधन होते. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आज जलसंजीवनीचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारून दिल्याप्रमाणे आहे. एक लिटर पाण्यास ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ जोडीने शोषले जातात व आपल्याबरोबर पाणी ओढून रक्तात नेतात. जुलाब चालू असतानाही हे काम बंद पडत नाही. म्हणूनच हे प्रमाण बिघडता कामा नये.

साखर जास्त झाली तर काय होते?

हे शेतकऱ्यास सहज समजेल. रोपाच्या बुडाशी युरिया मूठभर जास्त पडला, तर रोप जोमाने वाढत नाही; उलट मुळांतले पाणी बाहेर ओढले जाते आणि रोप करपते. आतड्यातही तसेच घडते. साखर बेसुमार गेली, की ती अंगातले पाणी आतड्यात ओढते. जुलाब वाढतात, आणि आधीच सुकलेले मूल आणखी सुकते.

बाजारात ओआरएस नावाने खपणाऱ्या काही पेयांत लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर होती. खऱ्या जलसंजीवनीत साडेतेरा ग्रॅम! शिवाय मिठाचे प्रमाणही पुरेसे नसे.

एका डॉक्टरबाईचा पाठपुरावा

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या हे ध्यानात आले. त्यांनी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या आईबापांना सांगितलेच, पण एका दवाखान्यात किती जण येणार? म्हणून त्यांनी मोबाइलचा आधार घेतला. यूट्यूब व इन्स्टाग्रामवर लहान लहान चित्रफिती करून त्या बोलू लागल्या. पाकीट हातात घ्या, मागची बाजू वाचा, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण लिहिले आहे का पाहा, असे त्या साध्या भाषेत सांगत.

नुसते बोलून त्या थांबल्या नाहीत. सरकारी खात्यांना पत्रे लिहिली. एप्रिल २०२२ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव घालण्यास मनाई केली. पण जुलैमध्ये प्राधिकरणानेच सवलत दिली, की मागे-पुढे दुसरा शब्द जोडून आणि 'हे ओआरएस नव्हे' अशी सूचना छापून ते नाव वापरता येईल. आम्ही पाहिलेल्या खोक्यावरची बारीक अक्षरे ती हीच. त्याच वर्षी डॉक्टरबाई जनहित याचिका घेऊन तेलंगणा उच्च न्यायालयात गेल्या.

सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती सवलत काढून घेतली. ठरलेल्या प्रमाणाची जलसंजीवनी नसेल, तर कोणत्याही पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द कोणत्याही रूपात वापरता येणार नाही, असा आदेश झाला. ही बातमी सांगताना डॉक्टरबाईंना रडू आवरले नाही. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ऑक्टोबरअखेर न्यायालयाने लोकांच्या आरोग्यास महत्त्व देऊन एका कंपनीची मागणी नामंजूर केली.

एका डॉक्टरने रेडिओच्या काळात हे औषध लोकांपर्यंत नेले. दुसरीने मोबाइलच्या काळात त्याचे नाव राखले. दोघेही बालरोगतज्ज्ञ.

मोबाइलवरचे सारेच खरे नव्हे

यावरून मोबाइलवर दिसेल ते खरे, असे मात्र कोणी समजू नये. त्याच मोबाइलवर लस देऊ नका म्हणणारे आहेत, आठ दिवसांत बाळ गुटगुटीत करून देतो म्हणणारेही आहेत. आपण बियाण्याची पिशवी घेताना काय करतो? कंपनी कोणती, परवाना आहे का, मुदत संपली का, हे पाहतो. शेजाऱ्याने पेरले असेल तर त्याला उगवण कशी झाली ते विचारतो. मुलांच्या आरोग्याचा सल्लाही तसाच पारखून घ्यावा.

बोलणारा खरोखर डॉक्टर आहे का, व कोणत्या विषयाचा? सल्ला देऊन झाल्यावर तो काही विकू लागतो का? तो सांगतो ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, नर्सबाई वा आशाताई मान्य करतात का? या तीन प्रश्नांनी बरीचशी चाळणी होते. आणि मूल समोर मलूल पडलेले असताना मोबाइल पाहत बसू नये, दवाखाना गाठावा.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. आपण घरी मराठी बोलतो, सरकारी फलक कानडीत असतात आणि दुकानातल्या पाकिटावर इंग्रजी. घरात शाळेत जाणारे पोर असेल, तर त्याच्याकडून पाकिटाची मागची बाजू मोठ्याने वाचून घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. नाव बदलले तरी खोक्यातले पेय तेच राहू शकते, तेव्हा रंग आणि चित्र पाहून खरेदी करू नये.

घरी काय करावे?

१. पहिला जुलाब होताच जलसंजीवनी सुरू करावी. आशाताई, अंगणवाडी वा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाकिटे मागावीत. तेथे ती मोफत मिळतात. एक-दोन पाकिटे घरात आधीच आणून ठेवावीत.

२. पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते पाहावे. मोठे पाकीट एक लिटरचे, लहान २०० मिलिलिटरचे असते. पाणी उकळून गार केलेले घ्यावे. पूर्ण पाकीट एकाच वेळी मिसळावे. वरून साखर घालू नये. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे.

३. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर चमच्याने वा वाटीने थोडे थोडे पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे.

४. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा. चव घेऊन पाहावी. आसवांहून खारट लागले तर ते टाकून नव्याने करावे.

५. अंगावरचे दूध बंद करू नये. मोठ्या मुलास मऊ भात, डाळीचे पाणी, ताक, केळे द्यावे. उपाशी ठेवल्याने जुलाब थांबत नाहीत, मूल मात्र खंगते.

६. झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात: दोन ते सहा महिन्यांच्या बाळास रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नयेत.

७. डोळे किंवा टाळू खोल गेली, मूल पाणी पिईना, सुस्त पडले, सहा तास लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होते, शौचात रक्त दिसले वा ताप चढला, तर क्षणभरही थांबू नये. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल तर पहिल्या जुलाबालाच दवाखान्यात न्यावे. नजर उतरवण्यात वेळ दवडू नये. वाटेतही जलसंजीवनी पाजत राहावे.

रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात सरकारी केंद्रात मोफत देतात. ती चुकवू नये.

त्या घरी आम्ही नंतर पुन्हा गेलो. मूल अंगणात कोंबडीमागे धावत होते. आजीने कोनाड्यातून दोन पाकिटे काढून दाखवली आणि म्हणाली, "नातीला वाचायला लावलं. प्रमाण लिवलंय ह्याच्यावर." पावसाळा सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या कोनाड्यात अशी दोन पाकिटे असावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.