पेन्शनच्या हिशेबखान्यात दोन महिने

२०२४ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने मुंबईत लोअर परळच्या एका कचेरीत काम केले. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील मुले सुटीत अशी उमेदवारी करतात; हल्ली तिला इंटर्नशिप म्हणतात. ही कचेरी कंपन्यांना पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांबाबत सल्ला देते. हे काय प्रकरण आहे हे तेथे जाईपर्यंत मला धड ठाऊक नव्हते, आणि आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांनाही ते ठाऊक नसावे. फंडासाठी आपण मोर्चे काढतो, ग्रॅच्युइटीसाठी दावे लावतो. पण हे आकडे ज्या टेबलावर तयार होतात त्या टेबलाशी आपला संबंध येत नाही. माझा आला, म्हणून हे लिहितो आहे.

कंपनीने कामगाराला निवृत्तीच्या वेळी काही रक्कम द्यायची असते. हे देणे पुढचे असले तरी ते आजचे कर्जच आहे. ३१ मार्चला कंपनीची वही बंद होते, त्या दिवशी हे कर्ज किती आहे ते ताळेबंदात लिहावे लागते. हिशेबाचे नियमच तसे सांगतात. रक्कम तर पुढे केव्हातरी द्यायची, कुणाला द्यावी लागेल हेही नक्की नाही. मग आज काय लिहायचे? हे ठरवून देणारा माणूस म्हणजे ॲक्चुअरी, मराठीत विमागणिती. एप्रिल ते जून हा त्याच्या सुगीचा काळ. याद्या ढिगाने येतात आणि आमच्यासारखी पोरे त्या साफ करायला बसतात.

ग्रॅच्युइटीचे सूत्र सोपे आहे. त्या उन्हाळ्यात १९७२ चा कायदा लागू होता. शेवटचा महिन्याचा पगार (मूळ पगार आणि महागाई भत्ता) घ्यायचा, त्याला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. १३,००० रुपये पगार असेल तर दिवसाला ५०० रुपये, वर्षामागे ७,५००, आणि वीस वर्षांचे दीड लाख. अट एकच, सलग पाच वर्षे नोकरी झालेली हवी. कामगार मेला किंवा अपंग झाला तरच ही अट सुटते.

या सूत्रात एक गोष्ट लपलेली आहे. ते शेवटच्या पगाराला वर्षांनी गुणते, म्हणजे पगारात जो अन्याय असेल त्यालाही वर्षांनी गुणते. आमची कचेरी ज्या आवारात होती तेथे पूर्वी गिरणी होती. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त असे. पण धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला होता. कमी पगाराच्या खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा शेवटचा हिशेबही कमीच निघणार. गणित त्यात काही चूक करीत नाही, फक्त जे आहे ते वाढवून देते.

आता दीड लाख जर दहा वर्षांनी द्यायचे असतील, तर आज दीड लाख बाजूला काढण्याची गरज नसते. सात टक्के व्याज धरले तर आज सुमारे ७६ हजार पुरतात. व्याजाचा दर सरकारी रोख्यांवरून घेतात. पगार दरसाल किती वाढेल याचा अंदाज करतात. याखेरीज आणखी दोन अंदाज असतात आणि खरी गोष्ट त्या दोहोंतच आहे. किती माणसे मरतील, आणि किती माणसे सोडून जातील?

मरणाचे कोष्टक छापील असते. आमच्याकडे २०१२-१४ चे भारतीय विमाधारकांचे मृत्युकोष्टक वापरत होते. अमुक वयाच्या एक लाख माणसांपैकी वर्षभरात किती मरतात, ते त्यात ओळीने दिलेले असते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी त्यात माझ्या मामाचे वय शोधले. मामा महानगरपालिकेत कायम सफाई कामगार होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि एकसष्टाव्या वर्षी गेले. शेवटची दहा वर्षे त्यांना खोकला होता. कोष्टक पाहून मला वाटले, हे आमच्या वस्तीचे मरण नाही. तसे ते नव्हतेच. हे कोष्टक विमा कंपन्यांच्या पॉलिसीधारकांच्या मृत्यूंवरून तयार झाले आहे. ज्याने आयुष्याचा विमा उतरवला आणि ज्याचे हप्ते चालू राहिले, त्याचेच मरण त्यात मोजले गेले.

मी हे आमच्या गटाच्या मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "ग्रॅच्युइटीत मृत्युदराने आकडा फारसा हलत नाही. करून बघ." मी करून पाहिले, आणि त्यांचे बरोबर होते. पण पेन्शनमध्ये हलतो. एकरकमी पैसे भरून विमा कंपनीकडून जन्मभराची पेन्शन घेतात, तिचा भाव वय पाहून ठरतो. माणूस कोणते काम करीत होता हे पाहून नाही. लवकर मरणाऱ्याचे पैसे जास्त जगणाऱ्याला पुरतात, त्याशिवाय हा व्यवहार चालतच नाही. साठीच्या आत-बाहेर मरणारा श्रमिक आणि पंच्याऐंशीपर्यंत जगणारा अधिकारी एकाच भावाने आत आले, तर कोण कुणाला पोसतो हे उघड आहे. विमागणितात याला नाव आहे, अन्याय हे ते नाव नव्हे.

येथे मला एक जुने कलम आठवले. १९४७ साली बाबासाहेबांनी संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. त्यात त्यांनी विम्याचा धंदा पूर्णपणे राज्याच्या हाती द्यावा, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुष्याचा विमा उतरवणे सक्तीचे करावे, असे मांडले होते. आपण हे निवेदन शेती आणि उद्योग यांच्या राष्ट्रीयीकरणासाठी वाचतो. विम्याच्या कलमाजवळ थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, सक्ती मात्र झाली नाही. ती झाली असती तर गटार उपसणाऱ्याचे मरणही त्या कोष्टकात मोजले गेले असते. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने ते कलम लिहिले होते, हे मला त्या कचेरीत बसून कळले.

आता सोडून जाणाऱ्यांकडे येऊ. ग्रॅच्युइटीत आकडा हलतो तो येथे. शंभर माणसे आज कामाला लागली आणि दरसाल दहा टक्के सोडून गेली, तर पाच वर्षांनी ५९ उरतात. दरसाल तीस टक्के गेली तर १७ उरतात. पाच वर्षांच्या आत गेलेल्यांना काही द्यावे लागत नाही. म्हणजे सोडून जाण्याचा दर जितका मोठा धराल तितके नव्या कामगारांपोटी कंपनीचे कर्ज लहान होते. कागदावर मरण आणि राजीनामा शेजारच्या दोन रकान्यांत असतात. जणू दोन्ही निसर्गाची करणी.

माझ्याकडे सफाईचे ठेके घेणाऱ्या एका कंपनीच्या याद्या होत्या. एक ३१ मार्च २०२३ ची, दुसरी ३१ मार्च २०२४ ची. मधल्या वर्षात कोण गेले, कोण आले, हे जुळवायचे. कामगार क्रमांकावरून जुळवले तर जुनी बरीच माणसे गेलेली आणि तितकीच नवी आलेली दिसत होती. दुपारी कंटाळा आला म्हणून मी क्रमांक सोडून नाव आणि जन्मतारीख यांवरून जुळवून पाहिले. १७४ माणसे गेलीच नव्हती. जुन्या क्रमांकावर ती ३१ ऑगस्टला नोकरी सोडून गेली होती आणि २ सप्टेंबरला नव्या क्रमांकावर रुजू झाली होती. ठेका संपला होता, आणि नवा ठेका त्याच कंपनीला मिळाला होता. झाडू तोच आणि मजलाही तोच, सर्व्हिस मात्र शून्यापासून सुरू.

कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले तर वर्ष सलग धरतात, हे मला तेव्हा माहीत होते. माहीत नव्हते ते पुढचे. सोडून जाण्याचा दर कुठून येतो? कंपनीच्याच मागच्या अनुभवावरून. म्हणजे ही १७४ माणसे 'गेली' म्हणून दर चढला होता, आणि तो चढलेला दर यादीतल्या सगळ्यांना लावला जात होता. जे खरोखर टिकून होते, ज्यांची तीन-चार वर्षे झाली होती, त्यांच्यापोटी लिहायचे कर्जही त्यामुळे कमी झाले. तोडलेली नोकरी अशी दोनदा कापते. एकदा त्या माणसाला, आणि दुसऱ्यांदा त्याच्या शेजारच्याला. यात शेजारच्याची ग्रॅच्युइटी बुडते असे नाही. पाच वर्षे भरली तर कायद्याने ती द्यावीच लागते. पण त्यासाठी पैसा बाजूला काढलेला नसतो, आणि ठेकेदाराने गाशा गुंडाळला की कायदा कुणाच्या खिशात हात घालणार?

मी यादी मॅडमपुढे ठेवली. त्यांनी ती टाळली नाही, हे सांगितले पाहिजे. त्यांनी कंपनीला विचारणा पाठवली. उत्तर एका ओळीचे आले: रुजू तारखा आमच्या दप्तराप्रमाणे बरोबर आहेत. मग अहवाल गेला. प्रत्येक अहवालात एक परिच्छेद असतोच, की ही माहिती कंपनीने पुरवली असून आम्ही तीवर विसंबलो आहोत. मॅडम म्हणाल्या, "आपण हिशेब करतो, चौकशी नाही." त्यांचा मला राग आला नाही. त्या परिच्छेदाचा आला. शिकलेल्या माणसांच्या धंद्यात असा एक परिच्छेद कुठे ना कुठे ठेवलेला असतो, उद्या मी ॲक्चुअरी झालो तर मीही त्याखाली सही करीन.

त्यानंतर कायदा बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२ चा कायदा तिच्यात गेला. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. कायम कामगाराची पाच वर्षांची अट तशीच आहे. हे पाऊल पुढचे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ठेके अकरा महिन्यांचेही असतात. शिवाय ठेकेदाराचा कामगार मुदतीच्या नेमणुकीवर आहे की नाही, हे नेमणूकपत्रावरून दाखवावे लागणार. नव्या संहितांनी नेमणूकपत्रही सक्तीचे केले आहे. आमच्या वस्तीत ते कुणाच्या हाती पडलेले मी अजून पाहिलेले नाही.

ठेका दिखाऊ आहे हे सिद्ध करता येते. २०१७ साली मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयात टिकला. पण त्याला वर्षानुवर्षे लढणारी संघटना लागली, आणि माणूस त्याच जागी सतत काम करीत होता हे दाखवणारा कागद लागतो. कार्यकर्त्यांना माझे सांगणे येथे आहे. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीचा प्रत्येक सभासदाला एकच क्रमांक असतो, ठेकेदार बदलला तरी तो बदलत नाही. त्या क्रमांकाचे पासबुक काढले की कोणत्या महिन्यात कोणत्या आस्थापनेने पैसे भरले ते ओळीने दिसते. कंपनीचे दप्तर जे दोन माणसे म्हणून दाखवते, ते येथे एकच माणूस असते. दाव्याच्या आधी हे पासबुक काढा. चावडीवर बसून काढता येते, मोबाइल पुरतो.

मी पहिले काढले ते आईचे. आई एका इस्पितळात चौदा वर्षे साफसफाई करते आहे, चार ठेकेदारांच्या हाताखाली. पगार १०,४०० धरला तर दिवसाचे ४००, वर्षामागे ६,०००, चौदा वर्षांचे ८४,०००. मी तिला आकडा सांगितला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे मिळतील का रे?" मी म्हणालो, सलग धरली तर. ती म्हणाली, "सलगच तर आहे. मी कुठे गेले होते?"

तिने ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. चारही ठेकेदारांची ओळखपत्रे, फाटक्या पगारचिठ्ठ्या, एका दिवाळीला दिलेल्या साडीची पावतीसुद्धा. आम्ही ती तारखेप्रमाणे लावली आणि पासबुकाशी ताडून पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठेकेदाराच्या मध्ये दोन दिवसांचे अंतर निघाले. तिसऱ्याच्या काळात सात महिने पासबुकात पैसेच भरलेले नाहीत. त्या सात महिन्यांच्या पगारचिठ्ठ्यांवर मात्र फंडाची कपात छापलेली आहे. त्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. वकिलाकडे आधी त्या न्यायच्या असे ठरले आहे.