खेळाच्या पडद्यामागे (भाग ७) : अनोळखी माणसाचा नकाशा

गेल्या आठवड्यात आपण ‘टाइल्ड’ या मोफत संपादकात एक छोटा नकाशा रंगवला. आडव्या २० चौकटी, उभ्या १५, प्रत्येक चौकट ३२ पिक्सेलची. सेव्ह केल्यावर तयार झालेली टीएमएक्स फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा, असं सुचवलं होतं. ज्यांनी उघडली त्यांना आत चित्र दिसलं नसणार. दिसले असतील ते कोनी कंसातले शब्द आणि आकड्यांच्या रांगा. हे एक्सएमएल. त्यातले शब्द मूळ फाइलीत रोमन लिपीत असतात, इथे ते उच्चाराप्रमाणे लिहितो. एका थराची सुरुवात साधारण अशी दिसते:

<लेअर आयडी="१" नेम="जमीन" विड्थ="२०" हाइट="१५">

त्याच्या पोटात ‘डेटा’ नावाचा टॅग आणि त्यात स्वल्पविरामांनी तोडलेले ३०० आकडे. आज हीच फाइल लुआ भाषेतून वाचायची आहे, आणि लुआतूनच नवी लिहायचीही आहे.

जाणकार वाचक इथेच अडवतील: टाइल्डमधून नकाशा थेट लुआच्या टेबलात निर्यात करता येतो, मग एक्सएमएलची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. लुआचं मूळच माहिती मांडण्यात आहे. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या पीयूसी-रिओ विद्यापीठात रोबेर्तो इयेरुसालिम्स्की, लुईझ एन्रिक दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ती घडवली. त्याआधी त्यांच्याच गटानं पेट्रोब्रास या तेलकंपनीसाठी दोन छोट्या भाषा बनवल्या होत्या आणि त्यांचं काम माहितीचं वर्णन करणं एवढंच होतं. त्यामुळे लुआचं टेबल म्हणजे माहितीची फाइल, हे नातं अगदी स्वाभाविक आहे. नकाशा तुमचा, खेळ तुमचा, तर खुशाल लुआत निर्यात करा.

पण नकाशा तुमचा नसेल तर? खेळ थोडा चालला की खेळाडू स्वतःचे नकाशे बनवून एकमेकांना पाठवू लागतात. लुआत निर्यात केलेली फाइल ‘रिटर्न’ या शब्दानं सुरू होते, म्हणजे ती चालवावी लागते. ती नुसती माहितीची फाइल नसून प्रोग्रॅमच आहे. तिच्यात टेबलाच्या आधी कुणी चार ओळी घुसडून तुमच्या डिस्कवरच्या फाइली पुसायला सांगितल्या, तर लुआ ते निमूटपणे करील. रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवून फाइलींपर्यंतचा रस्ता बंद करता येतो, हे खरं. पण कधीच न थांबणारा लूप तिथेही लिहिता येतो आणि खेळ जागीच गोठतो. टीएमएक्स फाइल मात्र चालवली जात नाही, फक्त वाचली जाते. माझ्या मते एक्सएमएलचा त्रास सोसण्याचं हे एकच भक्कम कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.

आता वाचन. लुआच्या मूळ संचात एक्सएमएल वाचणारं काहीच नाही. आहेत ते ‘पॅटर्न’, आणि ते रेग्युलर एक्स्प्रेशनपेक्षा साधे आहेत. ‘हे किंवा ते’ असा पर्यायसुद्धा त्यांत देता येत नाही. तरीही ‘<’ नंतरचं नाव उचल, मग ‘>’ येईपर्यंतचं सगळं उचल, एवढं त्यांना जमतं. त्यातून नाव="मूल्य" अशा जोड्या सोडवायच्या, उघडणारा टॅग आला की स्टॅकवर ठेवायचा, बंद होणारा आला की काढायचा. वीस-तीस ओळींत काम होतं आणि टाइल्डनं लिहिलेली फाइल त्यातून बिनबोभाट वाचून निघते.

अनोळखी माणसाची फाइल निघेलच असं नाही. मूल्याच्या आत ‘>’ हे चिन्ह तसंच लिहायला एक्सएमएलमध्ये परवानगी आहे, आणि आपला पॅटर्न तिथेच टॅग संपला असं समजतो. कुणी कॉमेंटमध्ये जुना थर झाकून ठेवला असेल, तर तोही नकाशात उगवतो. म्हणून बाहेरच्या फाइलींसाठी तयार लायब्ररी घ्यावी. निव्वळ लुआत लिहिलेली ‘स्लॅक्सएमएल’ आहे, आणि जेम्स क्लार्क यांच्या ‘एक्सपॅट’ या सी भाषेतल्या पार्सरवर बेतलेली ‘लुआएक्सपॅट’ आहे. एक्सपॅट फाइलीचं झाड बांधून देत नाही. टॅग उघडला, मजकूर आला, टॅग बंद झाला, अशा वर्दी तो देत जातो. इथे एक मेख आहे. मजकूर एकाच वर्दीत येईल याची हमी नसते. ‘१२७’ या आकड्यातला ‘१२’ एका वर्दीत आणि ‘७’ पुढच्या वर्दीत येऊ शकतो. मजकूर येईल तसा आकडे करत गेलात, तर कुंपणाच्या जागी तळं दिसेल. तुकडे गोळा करा, आणि ‘डेटा’ बंद झाल्यावरच स्वल्पविरामांवर तोडा.

मग ते आकडे मोजा. रुंदी गुणिले उंची, म्हणजे आपल्या नकाशात ३००, इतके भरले नाहीत तर फाइल परत करा. ‘डॉकटाइप’ची ओळ दिसली तरी परत करा, नकाशाला तिची गरज नाही.

आकड्यांचा अर्थ लावताना बहुतेक जण अडखळतात. शून्य म्हणजे रिकामी चौकट. बाकीचे आकडे सगळ्या टाइलसेटना, म्हणजे टाइलच्या संचांना, मिळून एका रांगेत दिलेले असतात. पहिल्या संचात ६४ टाइल असतील, तर दुसरा साधारणपणे ६५ पासून सुरू होतो आणि ७० म्हणजे दुसऱ्या संचातली ५ क्रमांकाची टाइल, कारण संचाच्या आतली मोजणी शून्यापासून असते. लुआची मोजणी एकपासून असते, हे इथे ध्यानात ठेवा. आणि मध्येच २१४७४८३६७५ असा राक्षसी आकडा भेटला, तर फाइल बिघडलेली नाही. ती २७ क्रमांकाचीच टाइल आहे, आडवी उलटवलेली. टाइल्ड ३२ बिटांतले सर्वांत वरचे बिट उलटापालटीसाठी वापरतो: आडव्यासाठी २१४७४८३६४८, उभ्यासाठी १०७३७४१८२४, तिरप्यासाठी ५३६८७०९१२. लुआजिट या लुआच्या वेगवान अवताराची बिट लायब्ररी ३२ बिटांचे आकडे चिन्हासकट धरते, त्यामुळे पहिला बिट तपासताना उत्तर ऋण येतं आणि ‘शून्यापेक्षा मोठा का’ ही चाचणी फसते. साधी वजाबाकी बरी. आकडा २१४७४८३६४८ किंवा त्याहून मोठा असेल तर तेवढे वजा करा आणि खूण लिहून ठेवा, मग तेच उरलेल्या दोघांसाठी. लुआच्या जुन्या आवृत्तीतही हे बिनचूक चालतं.

लिहिणं वाचण्यापेक्षा सोपं वाटतं, आणि म्हणूनच तिथे हयगय होते. थराचं नाव कुणी ‘नदी & घाट’ ठेवलं की ‘&’ बदलून लिहावाच लागतो, तसेच ‘<’ आणि अवतरणचिन्ह. एकेक चिन्ह वेगळ्या फेरीत बदलणार असाल, तर ‘&’ आधी घ्या, नाहीतर नुकतेच घातलेले ‘&’ पुन्हा बदलले जातात. त्याहून बरं म्हणजे लुआच्या ‘जीसब’ या मजकूर बदलणाऱ्या फंक्शनला बदलांचं टेबल देऊन एकाच फेरीत उरकणं. पण जीसब दोन मूल्यं परत करतं, नवा मजकूर आणि किती बदल झाले तो आकडा. ते थेट टेबल-इन्सर्टमध्ये दिलंत, तर ‘आकडा हवा होता, मजकूर मिळाला’ अशी चूक दाखवली जाते आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. जीसबच्या हाकेला जादा कंस घाला, दुसरं मूल्य गळून पडतं. ओळी एकमेकींना जोडत न बसता टेबलात साठवा आणि शेवटी टेबल-कॉन्कॅटनं एकदम जोडा.

राहता राहिला क्रम. टेबलावर ‘पेअर्स’नं फिरताना कोणती किल्ली आधी येईल याची लुआ हमी देत नाही. एक्सएमएललाही गुणधर्मांच्या क्रमाशी देणंघेणं नाही, त्यामुळे फाइल बरोबरच असते. पण गिटमध्ये ठेवणाऱ्याचा जीव जातो: हलवलं एक झाड आणि बदललेल्या दिसतात शेकडो ओळी. किल्ल्या आधी क्रमानं लावून मग लिहा.

पुढच्या भागात दारं, शत्रू आणि खजिना ठेवण्याचा ‘ऑब्जेक्ट’ थर घेऊ. त्यात ‘टाइप’ नावाचा गुणधर्म टाइल्डच्या १.९ आवृत्तीत ‘क्लास’ झाला आणि १.१० मध्ये पुन्हा ‘टाइप’ झाला, तेव्हा वाचताना दोन्ही नावं तपासायची तयारी ठेवा. तोवर एवढं करा: आपला नकाशा लुआतून वाचा, एकही चौकट न बदलता पुन्हा लिहा आणि ती नवी फाइल टाइल्डमध्ये उघडा. ती मूळ नकाशासारखी दिसली नाही, तर आधी उलटवलेल्या टाइल तपासा.