वीजबिल आणि आंघोळीची बादली

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. वर्षभर आमच्या घरी वीजबिलावर शून्य लिहिलेले बघायची सवय झाली होती आणि त्या महिन्यात एकदम एकशे सदुसष्ट रुपयांचे बिल हातात पडले. रक्कम ऐकून कोणी हसेलही. पण ज्या घरात मागाच्या मजुरीवर महिना काढायचा असतो, तिथे न ठरवलेला शंभराचा खर्चसुद्धा चर्चेचा विषय होतो. आई म्हणाली, "दोनशे युनिट फुकट म्हणाले होते न्हवं? मग हे कशाचं?"

बिल कानडीत. मला अक्षरे लागतात, पण अर्थाशी गाठ पडेपर्यंत दम लागतो. म्हणून ते खिशात घालून कॉलेजात आणले आणि कन्नड विभागातल्या एका मित्रापुढे ठेवले. त्याने शब्द उलगडून सांगितले. बळके म्हणजे वापर, निगदित शुल्क म्हणजे मंजूर भारावर बसणारा ठरलेला आकार, तेरिगे म्हणजे कर. पुढे 'सरासरी' आणि 'बाकी' हे शब्द आले, तेव्हा त्याला थांबवावे लागले. ते दोन्ही भाषांत एकच आहेत आणि बाकी तर दोन्हींत सारखीच बोचते!

आमचे उत्तर त्या 'सरासरी'तच होते. गृहज्योती योजना कर्नाटकात २०२३ साली सुरू झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून शून्य बिले येऊ लागली. 'दोनशे युनिट मोफत' एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण नियम तसा नाही. २०२२-२३ या वर्षात तुमच्या घराने दरमहा सरासरी जेवढी वीज वापरली, ती अधिक दहा टक्के, एवढाच तुमचा मोफत वाटा. (ज्यांची सरासरी ४८ युनिटांच्या आत आहे, त्यांना २०२४ पासून दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिटे वाढवून मिळतात.) वाट्याच्या वर पण दोनशेच्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. दोनशे ओलांडलेत, की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते आणि सगळ्या बिलाचे पैसे भरावे लागतात.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्यावी. समजा एका घराचा वाटा १८० युनिटांचा आहे. १९९ युनिटे जळाली, तर १९ युनिटांचे पैसे. २०२४-२५ च्या ५ रुपये ९० पैसे दराने ११२ रुपये आणि कर. २०१ जळाली, तर नुसत्या विजेचेच ११८६ रुपये, वर ठरलेला आकार आणि कर वेगळे. दोन युनिटांसाठी हजार रुपये! एकत्र कुटुंबांनी महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मीटरकडे एक नजर टाकायला हवी ती यासाठी.

आमची सरासरी ९६, म्हणून वाटा १०५. त्या महिन्याचा वापर १३१. सव्वीस युनिटे जास्त. इथे मला एक तक्रार नोंदवावीशी वाटते. ज्याने २०२२-२३ साली दिवे जपून लावले, त्याचा वाटा लहान ठरला आणि ज्याने मोकळ्या हाताने वीज जाळली, त्याला मोठा मिळाला. शिवाय घरातली माणसे काही त्या वर्षात गोठून राहत नाहीत. आमच्याकडे तर दिवाळीच्या आधी गावाहून आजी कायमची राहायला आली होती. गुडघे दुखतात म्हणून ती सकाळ-संध्याकाळ कढत पाणी घेते.

आईने हिशेब मनातल्या मनात केला असावा. तोंडाने ती एवढेच म्हणाली, "रॉड लई वेळ चालतोय." आजी आतल्या खोलीत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गार पाण्याने आंघोळ करून बसलेली दिसली. विचारले तर म्हणाली, "काय होतंय त्याला? आमी नदीवरच न्हात होतो की." डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!

त्या दिवशी मी वही घेऊन बसलो. पदार्थविज्ञानाचा उपयोग परीक्षेबाहेर प्रथमच झाला.

वीस लिटरांची बादली, पाणी २० अंशांचे. ते ४२ अंशांपर्यंत तापवायचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात आणि एका युनिटात ३६०० किलोज्यूल असतात. वीस गुणिले बावीस गुणिले ४.२, भागिले ३६००. उत्तर आले साधारण अर्धे युनिट. १५०० वॉटचा रॉड वीस मिनिटे चालला, तरी तेवढेच येते. म्हणजे एक बादली अर्धे युनिट, महिन्याला पंधरा. आजीच्या दोन बादल्यांची तीस युनिटे. आईचा अंदाज खरा होता, हे कबूल केले पाहिजे.

पण तेवढ्यावर वही मिटली असती तर अन्याय झाला असता. आई, बाबा आणि मी यांच्या तीन बादल्यांची पंचेचाळीस युनिटे त्याच मीटरवर पडत होती आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हते. फ्रिजचा आकडा एका लग्नामुळे मिळाला. दोन दिवस घर बंद होते, फ्रिज तेवढा चालू. जाताना-येताना मीटर वाचला, पावणेतीन युनिटे. महिन्याची झाली एक्केचाळीस. उरलेल्या पंधरा युनिटांत दिवे, टीव्ही, मिक्सर सगळे आले. आपण ओरडतो ते नेमके या पंधरांवरून: "दिवा बंद कर, दिवा बंद कर!"

ज्यांना असा हिशेब करायचा आहे, त्यांना मीटरच मदत करतो. त्यावर एक तांबडा ठिपका लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेले असते. आमच्याकडे ३२०० आहेत. घरातले बाकी सगळे बंद करून एकच वस्तू चालू करा आणि मिनिटभर मोजा. शंभर वॉटला पाच-सहा वेळा लुकलुकते, रॉडला ऐंशी वेळा. सगळे बंद असूनही ठिपका लुकलुकत राहिला, तर वायरमनला दाखवावे.

आम्ही काय केले? माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवून चिंचेने घासला आणि परसात मांडला. नारळाची सालपटे, चिपाडे, सुताराकडचे तुकडे यांवर आमच्या तिघांचे पाणी तापू लागले. धूर होतो आणि पहाटे उठून जाळ घालणे माझ्याकडे आले. त्याचा आनंद झाला असे म्हणणार नाही. फ्रिजच्या दाराचे रबर सैल होते. दारात कागद धरून दार लावले तर कागद सहज निसटत होता. ते रबर बदलले. न्हाणीतला साठ वॉटचा जुना बल्ब काढून नऊ वॉटचा एलईडी लावला. रोज चार तास धरले, तर महिन्याला सहा युनिटे वाचतात. कमी वॉटचा नवा पंखा मात्र घेतला नाही. पंचाहत्तरऐवजी तीस वॉट हे खरे, पण बेळगावात पंखा फिरतो तीन महिने. तेवढ्यात त्याची किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे जातील.

खोली घेऊन राहणाऱ्या मित्रांसाठी एक गोष्ट. गृहज्योती भाडेकरूलाही मिळते. घराचा आर. आर. नंबर, आपले आधार आणि भाडेकराराचा कागद लागतो. नोंदणी सेवासिंधूवर होते. खोली सोडताना जुनी जोडणी रद्द करून घ्यावी, नाहीतर नव्या खोलीत अडते. मागची सरासरीच नसेल, तर ५३ युनिटे धरून ५८ चा वाटा मिळतो. घरमालक 'लाइटचे वेगळे' म्हणून पैसे घेत असेल, तर बिल दाखवा म्हणावे. बिलावर शून्य असून भाडेकरूकडून पैसे घेतल्याचे मी एका मित्राच्या खोलीवर पाहिले आहे.

चंदगडकडून येणाऱ्यांचे बिल महावितरणचे. त्यांना ही योजना लागू नाही. तिकडे टप्प्यांचा दर असतो, शंभरापुढच्या युनिटांना महाग दर लागतो. म्हणून त्यांनी डोळा ठेवायचा तो शंभरावर. स्वतःचे छप्पर असलेल्यांना २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत सौर पॅनेलसाठी केंद्राचे अनुदान आहे, पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये, तीन किलोवॉटांना एकूण ७८,०००. आम्ही भाडेकरू, त्यामुळे तो धडा वाचून पुढे गेलो.

बिल शंकास्पद वाटले, तर १९१२ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्याआधी मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा ताडून पाहावा. बिलाचा कागद चार-सहा महिन्यांत पांढरा पडतो, म्हणून आकडे वहीत उतरवून ठेवावेत. आमच्या वहीत जानेवारी २०२५ पुढे ९२ लिहिले आहे आणि बिल शून्य.

ही वही मी आजीला वाचून दाखवली. तिला किलोज्यूल काही पटले नाहीत, पण तीन बादल्या आमच्या आणि दोन तिच्या, हे तिने बोटांवर मोजून पाहिले. मग म्हणाली, "मग माजं पाणी बी बंबातच घाला की." तिचे पाणी अजून रॉडवरच तापते. तिला धूर सोसत नाही.