पाचवीचा वर्ग आणि 'अब्बू दुबईला आहेत'

अनेक गावांत उर्दू शाळा चौथीपर्यंतच असते. पाचवीला मूल तालुक्याच्या हायस्कूलमध्ये येतं. त्यात दरवर्षी काही मुलं अशी असतात, ज्यांच्या आई-वडिलांचा तलाक किंवा खुला झालेला असतो. ती गप्प बसतात, म्हणून घरच्यांना वाटतं रुळली. आम्हा शिक्षकांचा अनुभव वेगळा आहे.

चौथीपर्यंत एकच मॅडम सगळे विषय शिकवायच्या. घरची हालत त्यांना माहीत होती. पाचवीत तासागणिक शिक्षक बदलतात आणि प्रत्येकाचा तोच सवाल: "वडील का नाही आले?" मग मूल उत्तर शोधतं, "अब्बू दुबईला आहेत." आम्ही हे इतक्यांदा ऐकलंय की लगेच ओळखतो. यावर त्याला खोटारडा म्हणू नये. चार पोरांसमोर इज्जत राखायची ती धडपड असते. पण ते खोटं सांभाळता सांभाळता मूल मधल्या सुट्टीत एकटं राहू लागतं, दोस्तांना घरी बोलवत नाही.

म्हणून शाळा सुरू होण्याआधी अम्मीने, मामूने किंवा नानांनी वर्गशिक्षकांना एकदा भेटावं. चूक कोणाची, ते सांगायची गरज नाही. मूल कोणाजवळ राहतं, फोन कोणाला करायचा, न्यायला कोण येणार, एवढं पुरे.

रविवारी दादीकडे गेलेला मुलगा भूगोलाची वही तिथेच विसरतो आणि सोमवारी बोलणी खातो. वेळापत्रक दोन्ही घरांत लावा. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर मोफत मिळतात, ती अब्बूंच्या फोनमध्येही असू द्या.

कधी दाखला जुन्या गावच्या शाळेत अडकतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत, दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

राहिला खर्च. मूल आईजवळ राहत असलं तरी त्याचा नफका वडिलांच्या जिम्मे आहे, हे शरीयतही सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही 1997 मध्ये नूर सबा खातून प्रकरणात म्हटलं की, कमाईचं साधन असलेल्या मुस्लिम वडिलांवर तलाकनंतरही मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी राहते: मुलं सज्ञान होईपर्यंत, मुलींची लग्नापर्यंत. दप्तर, बूट, एसटीचा पास त्यातच आले. पण "अब्बूला सांग, बुटाचे पैसे दे" हा निरोप दहा वर्षांच्या पोराच्या हाती देऊ नका. तो हिशेब मामू आणि चाचांनी आपसात बसून करावा.