हिरव्या ठिपक्यातली काळी रेघ

मुरबाड सोडून माळशेजच्या वाटेला लागले, की शहरी उजेड मागे पडतो. शहापूरला माहुलीच्या पायथ्याशीही तेच. हिवाळ्यातल्या अवसेला इथे आकाशदर्शन करायचे, तर मृग नक्षत्र दाखवायला हिरवा लेसर पॉइंटर हवाच. पहाटेच्या गारठ्यात मात्र तो मंदावतो. सेल उतरले असे वाटते. पण पुष्कळदा कारण आतल्या डायोडमध्ये असते.

हिरव्या पॉइंटरच्या आतली साखळी अशी. 808 नॅनोमीटरचा डायोड निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकाला ऊर्जा देतो, स्फटिकातून 1064 नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा 532 नॅनोमीटरचा हिरवा करतो. डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे 0.3 नॅनोमीटर सरकते. थंडीत ती स्फटिकाला मानवेनाशी होते.

आता ठिपक्याकडे वळू. लांबच्या भिंतीवर काही पॉइंटरांचा ठिपका मधोमध दुभंगलेला दिसतो: दोन हिरवे गोळे, मध्ये काळी रेघ. हा भिंगावरचा डाग नव्हे.

सर सी. व्ही. रामन यांनी मृदंगाच्या पुडीवर वाळू पसरून तिच्या कंपनांचा अभ्यास केला होता. पुडीचा जो भाग हलत नाही, तिथे वाळू रेघेने गोळा होते. लेसरच्या दोन आरशांमध्ये ये-जा करणारा प्रकाशही असाच ठरावीक आकृत्यांतच टिकतो. त्या आकृत्या म्हणजे आडवे मोड. टीईएम-00 म्हणजे एकच गोळा, मध्यावर सर्वांत तेजस्वी. टीईएम-01 मध्ये एक काळी रेघ. आकडे रेघाच मोजतात!

रेघ येते कुठून? 00 हा सर्वांत सडपातळ मोड. डायोडचा प्रकाश स्फटिकात त्याच्यापेक्षा रुंद पडला, तर कडेची ऊर्जा त्याच्या हाती लागत नाही, आणि जास्त पसरणारे मोड तीवर पोसतात. डायोड जरा बाजूला सरकला, तरी दुभंगलेल्या मोडला बळ मिळते. म्हणून कारागिरी सगळी इथे आहे: डायोडचा झोत 00 च्या मापात बसवायचा, नाहीतर आरशांमध्ये बारीक छिद्र ठेवून रुंद मोडांची वाट अडवायची. स्वस्त पॉइंटरात एवढी काळजी कोण घेणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेत ती घ्यावीच लागेल. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाच्या सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या तिच्या 4 किलोमीटरच्या भुजांमध्येही 1064 नॅनोमीटरचाच प्रकाश धावणार आहे. अमेरिकेतल्या लायगोमध्ये तो भुजांत शिरण्याआधी तीन आरशांच्या ‘मोड क्लीनर’मधून गाळला जातो, म्हणजे 00 पुढे जातो आणि बाकीचे मोड मागे परततात.

घरचा पॉइंटर तपासायचा असेल, तर चकाकी नसलेल्या भिंतीवरच तपासा. आरशावर, माणसांवर किंवा विमानाकडे तो कधीही रोखू नका. स्वस्त पॉइंटरातून हिरव्याबरोबर अदृश्य अवरक्त प्रकाशही निसटू शकतो, आणि त्याने डोळा मिटत नाही.